चुनखडकातले ट्रायलोबाइटचे तुकडे कसे ओळखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रायलोबाइट म्हणजे पुरातन समुद्रांतला, कधीच नामशेष झालेला कवचधारी प्राणी. चित्रांत तो नेहमी अख्खा असतो: डोकं, धड, शेपूट, सगळं जागच्या जागी. चुनखडक फोडून पाहणाऱ्याच्या हाती मात्र अर्धं डोकं लागतं, नाहीतर एखादा गाल, शेपटीचा कोपरा, किंवा काय आहे हेच न कळणारा एखादा चकचकीत बाक. खालचे बहुतेक प्रश्न नवख्यांनी मला विचारलेले आहेत. काही मी स्वतःलाच बरीच वर्षं विचारत होतो.

## अख्खा प्राणी का मिळत नाही? दरवेळी तुकडेच का?

ट्रायलोबाइट हा संधिपाद प्राणी. खेकडे वाढताना जुनं कवच टाकतात, तसाच हाही टाकायचा. बहुतेक जातींच्या डोक्यावर ठरलेल्या शिवणी असत. कात टाकायची वेळ आली की त्या उसवायच्या, दोन्ही गाल सुटे व्हायचे आणि प्राणी सहसा पुढच्या बाजूने बाहेर सरकायचा. मागे राहायचे ते सुटे भाग. एका प्राण्याने आयुष्यात हे अनेकदा केलं, म्हणजे एका प्राण्यामागे तुकड्यांचे कितीतरी संच. तुमच्या हातातला तुकडा बहुधा कलेवराचा नाहीच, उतरवून टाकलेल्या अंगरख्याचा आहे.

दुसरं कारण खडकाचं. चुनखडकाचा गाळ बऱ्याचदा उथळ, लाटांनी ढवळलेल्या समुद्रतळावर साचला. तिथे कवचं सुटायची, घासली जायची आणि प्रवाह त्यांची आकारमानानुसार वर्गवारी करायचा. म्हणून एखाद्या थरात नुसत्या शेपट्याच शेपट्या मिळतात आणि माणूस चक्रावतो, की डोकी गेली कुठे? डोकी तेव्हाच वाहून दुसरीकडे गेली.

## हा तुकडा ट्रायलोबाइटचाच, हे कशावरून ठरवायचं?

आधी मोडलेली कड पाहा. दहापट भिंग पुरतं. ट्रायलोबाइटचं कवच कॅल्साइटचं (चुनखडकही याच खनिजाचा) आणि पातळ, सहसा एक मिलिमीटरहूनही कमी जाडीचं. राखाडी खडकाच्या कडेला ते एकसंध, बहुतेक वेळा गडद रेघेसारखं दिसतं. त्यात शिंपल्यासारखे पापुद्रे नसतात.

मग कवचाचा काठ शोधा. ट्रायलोबाइटचं कवच काठाला येऊन नुसतं संपत नाही, ते खाली आत वळतं. शर्टाच्या बाहीचा काठ दुमडून शिवलेला असतो ना, तसं. या दुमडीला डब्लूर म्हणतात, आणि तिच्यावर बऱ्याचदा एकमेकींना समांतर, किंचित नागमोडी उंच रेघा असतात. हुबेहूब बोटाचा ठसा. इतर खुणा एकेकट्या फसवू शकतात. या रेघा मात्र पातळ कवचाच्या दुमडीवर दिसल्या, तर मी पुढे फार विचार न करता तुकडा ट्रायलोबाइटच्या डब्यात टाकतो.

तीन पट्टे दिसले तर सोन्याहून पिवळं: मधला उंच पट्टा आणि दोन्हीकडे एकेक उतरता. प्राण्याला नाव मिळालं ते यावरूनच. पुष्कळांना वाटतं की डोकं, धड आणि शेपूट हेच ते तीन भाग. तसं नाही. नावातले तीन भाग लांबीने धावणारे पट्टे आहेत.

## कोणते तुकडे हमखास फसवतात?

पहिला मान क्रिनॉइडच्या, म्हणजे समुद्रलिलीच्या देठाचा. आडवा पडलेला, अर्धा खडकात गाडलेला देठ म्हणजे एकापुढे एक वलयं, थेट धडाचा मधला पट्टा वाटतो. फोडून पाहा. क्रिनॉइडची प्रत्येक चकती कॅल्साइटच्या एकाच स्फटिकासारखी वागते आणि मोडली की सपाट पृष्ठ आरशासारखं लखलखतं. ट्रायलोबाइटचं कवच असं लखलखत नाही. माझ्या पहिल्या पेटीत 'धड' अशी चिठ्ठी लावलेले सहा तुकडे होते. सहाही देठ निघाले.

दुसरे ब्रॅकिओपॉड, म्हणजे शिंपल्यांसारखे दिसणारे दोन झडपांचे समुद्री जीव. त्यांच्या बरगड्या चोचीसारख्या एका टोकापासून पसरतात आणि त्यांना आडव्या वाढीच्या रेषा असतात. उलट बाजूनेही गफलत होते: स्कुटेलम नावाचा ट्रायलोबाइट आणि त्याचे नातेवाईक यांची शेपूट पंख्यासारखी असते, बरगड्या आखूड मधल्या भागापासून सगळीकडे पसरलेल्या. ती शिंपला म्हणून टाकून दिली जाते. तिथे काठाची दुमड शोधायची.

तिसरे ऑस्ट्राकॉड, म्हणजे दोन झडपांच्या कवचात राहणारे इवलेसे संधिपाद. घेवड्याच्या दाण्यासारखे, दोन-तीन मिलिमीटरचे, गुळगुळीत आणि चमकदार. यांनाही लहान ट्रायलोबाइट म्हणून जपून ठेवणारे आहेत. ऑस्ट्राकॉडच्या एका झडपेला डावी-उजवी अशी सममिती नसते, एवढं लक्षात ठेवा.

आणि फसण्यात कमीपणा नाही. १६९८ साली एडवर्ड ल्हुइड यांनी वेल्समधल्या एका ट्रायलोबाइटचं चित्र छापलं, तेव्हा तो त्यांनी चपट्या माशाचा सांगाडा म्हणून दिला होता.

## ओळखायला सुरुवात कुठून करायची?

'हा कोण?' हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी विचारा: हा शरीराचा कुठला भाग? आणि पुढे कुठे, मागे कुठे? एवढं ठरलं की निम्मं काम झालं. हे न ठरवता चित्रं चाळायला बसलेला माणूस संध्याकाळपर्यंत चारपाच चुकीची नावं गोळा करतो.

चुनखडकात येणारे भाग मोजकेच आहेत. गाल निघून गेल्यावर उरणारा डोक्याचा मधला भाग, म्हणजे क्रॅनिडियम. सुटा गाल. धडाचं एखादं वलय. पायजिडियम, म्हणजे एकसंध झालेली शेपूट. आणि तोंडाजवळची खालची पट्टी, हायपोस्टोम. पाय, मिशा वगैरेंवर कॅल्साइट चढलेलं नसे, त्यामुळे ते शोधत बसू नका.

## क्रॅनिडियमवर नेमकं काय पाहायचं?

नाव ठरवायला याच्याइतका उपयोगी तुकडा दुसरा नाही, म्हणून इथे घाई नको.

मधोमध जो उंचवटा आहे तो ग्लॅबेला. त्याच्या मागे, धडाला चिकटणाऱ्या बाजूला एक आडवी खाच आणि तिच्यामागे मानेचं वलय असतं. ते सापडलं की पुढचं-मागचं ठरलं. आता ग्लॅबेलाची बाह्यरेषा कागदावर काढा. हो, हातानेच. काढताना डोळा जे पाहतो ते नुसतं बघताना दिसत नाही.

ग्लॅबेला पुढे निमुळता होतो की रुंद? कॅलिमेनी या वंशात तो घंटेसारखा, पुढे निमुळता, आणि दोन्ही बाजूंना गोल गाठी, मागची सगळ्यात मोठी, पुढच्या लहान होत जाणाऱ्या. फेकॉप्समध्ये उलट: पुढे फुगत जाणारा, पुटकुळ्यांनी भरलेला आणि डोक्याच्या पुढच्या काठापर्यंत पोचलेला. चीरुरस आणि त्याच्या गोतावळ्यात बाजूच्या खाचा ठळक, आत तिरप्या उतरणाऱ्या. लायकिडांत खाचा आडव्या राहत नाहीत, लांबीच्या दिशेने वळतात आणि ग्लॅबेलाचे विचित्र कप्पे पाडतात; शिवाय पृष्ठावर लहानमोठ्या पुटकुळ्यांची मिसळ.

मग ग्लॅबेलापुढे किती जागा उरते ते पाहा. काहींत पुढचा काठ ग्लॅबेलाला टेकलेला असतो, तर कँब्रियनमधल्या, म्हणजे ट्रायलोबाइटांच्या सुरुवातीच्या काळातल्या अनेकांत मध्ये चांगलं मोकळं मैदान आणि त्यापुढे उंच कड असते. शेवटी शिवणीची वाट: डोळ्यापुढे ती बाहेर पसरते की सरळ जाते, आणि डोळ्यामागे डोक्याच्या मागच्या काठाला मिळते की बाजूच्या. तुकड्याची ही कड 'मोडलेली' वाटते, पण डावी आणि उजवी कड एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतील तर ती मोड नाही, शिवण आहे. मोड कधी सममित होत नाही.

इलेनस, बुमास्टस यांच्यासारख्यांत मात्र सगळ्या खाचा जवळजवळ पुसलेल्या असतात. गुळगुळीत, फुगीर कवच, मधला पट्टाही जेमतेम. इथे डोळ्याची जागा, बाजूने दिसणारा बाक आणि डब्लूर एवढ्यावरच भागवावं लागतं, आणि खूपदा भागत नाही.

## डोकं अख्खं मिळालं, गाल सुटलेच नाहीत. म्हणजे प्राणी इथेच मेला का?

तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. फेकॉप्सच्या प्रौढांत गालाच्या शिवणी जुळून गेलेल्या असतात, त्यामुळे कात टाकतानाही डोकं एकसंध सुटतं. कँब्रियनमधल्या ओलेनेलसच्या कुळात डोक्याच्या वरच्या बाजूला शिवणी नव्हत्याच. जातीचा स्वभाव आधी, निष्कर्ष नंतर.

## सुटा गाल म्हणजे कसा दिसतो?

समोर ठेवलेल्या एकाचं वर्णन करतो. करड्या चुनखडकाच्या तळहाताएवढ्या फळीवर विळ्यासारखा बाक, लांबी साधारण बारा मिलिमीटर. बाहेरची कड जाड आणि गोलसर, तिच्या आत एक उथळ खाच. मागच्या टोकाला कड सुईसारखी लांबत जाते. हा गालाचा काटा, आणि त्याचं टोक मोडलेलं. आतल्या बाजूला कड दोनदा वळते आणि त्या दोन वळणांच्या मध्ये अर्धचंद्रासारखा फुगवटा. तो डोळा. भिंगाखाली धरून दिवा बाजूने पाडला की त्या फुगवट्यावर बारीक जाळी उमटते. काट्याच्या बुडाशी कवच उडालं आहे, तिथे आतली दुमड आणि तिच्यावरचे ठशासारखे चार-पाच उंचवटे उघडे पडलेत.

म्हणजे या एका तुकड्यावर डोळ्याचा प्रकार, शिवणीची वाट, काठाची जाडी आणि काटा, एवढं सगळं आहे. तरी लोक गाल फेकून देतात, कारण तो 'किड्यासारखा' दिसत नाही.

## डोळ्यावरून काय कळतं?

कधी कधी खडकाचं वयसुद्धा. बहुतेक ट्रायलोबाइटांच्या डोळ्यांत भिंगं अगदी बारीक आणि एकमेकांना चिकटलेली असतात, सगळ्यांवर मिळून एकच पातळ आवरण. साध्या नजरेला पृष्ठ गुळगुळीत वाटतं. फेकॉप्स, डालमनायटिस आणि त्यांच्या आप्तांची भिंगं मोठी, सुटी सुटी आणि ओळींत बसवलेली. ती साध्या नजरेनेही मोजता येतात. असा डोळा मिळाला तर खडक ऑर्डोव्हिशियन ते डेव्होनियन या काळातला, कारण हा गट डेव्होनियनबरोबर संपला. डोळ्याची ही भिंगं कॅल्साइटचीच होती, म्हणून तर ती टिकली.

## शेपटीचं काय? माझ्याकडे त्याच जास्त आहेत.

सगळ्यांकडेच असतात. शेपूट एकसंध आणि बळकट, ती सहज मोडत नाही.

मोजा. मधल्या पट्ट्यावर वलयं किती, बाजूला बरगड्या किती, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा. ते जुळलेच पाहिजेत असं नाही: एन्क्रिन्युरसमध्ये मधली वलयं बरगड्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि तीच त्याची ओळख. मग मधला पट्टा मागच्या काठापर्यंत पोचतो की आधीच संपतो? काठ सपाट आणि गुळगुळीत आहे का? काटे आहेत का, किती जोड्या, की मागे एकच टोक? डालमनायटिसची शेपूट मागे टोकदार होते. चीरुरसच्या कुळात बरगड्यांची टोकं सुटून काटे होतात. ओलेनेलससारख्यांत शेपूट इतकी इवलीशी की ती सापडली तर नशीब समजा. आणि असॅफिडांत ती डोक्याएवढी, म्हणून बाहेरची रेषा तेवढी दिसत असेल तर डोकं की शेपूट हेच कळत नाही.

अ‍ॅग्नॉस्टिडांची गंमत याच्याही पुढची. काही मिलिमीटरचे हे जीव, धडाला दोनच वलयं, आणि डोकं-शेपूट जवळजवळ सारखं. तिथे मी आजही दोनदा पाहतो.

## धडाच्या एका वलयावरून ओळख पटते का?

क्वचित. धड सलग असेल तर वलयं मोजा, कारण संख्या कामाची असते: असॅफिडांत आठ, फेकॉप्समध्ये अकरा. सुट्या वलयाला 'ट्रायलोबाइट, धडाचं वलय' एवढी चिठ्ठी पुरे.

## ढालीसारखा, मागे दोन फाटे फुटलेला तुकडा मिळाला. हा कोण?

हा हायपोस्टोम, तोंडाजवळ खालच्या बाजूला असणारी पट्टी. मधे अंडाकृती फुगवटा, भोवती कड, पुढे दोन्हीकडे पंखांसारखे कान. नवख्यांच्या 'अज्ञात' डब्यात सर्वांत जास्त हेच असतात. मागे घोड्याच्या नालेसारखे दोन जाड फाटे असतील तर आयसोटेलससारखा असॅफिड मनात धरा. आयसोटेलसमधले काही प्रचंड होते. कॅनडातल्या चर्चिलजवळच्या ऑर्डोव्हिशियन खडकात मिळालेला आयसोटेलस रेक्स ७२ सेंटिमीटर लांब आहे. त्यामुळे पंज्याएवढा हायपोस्टोम दिसला तरी दचकू नका.

## रंगावरून काही ठरतं का?

नाही. काळा, तपकिरी, मधासारखा पिवळा: रंग बहुतेक वेळा खडकाने आणि नंतरच्या रासायनिक बदलांनी दिलेला असतो.

## एकाच जातीचे दोन तुकडे इतके वेगळे का दिसतात?

एकावर कवच आहे आणि दुसऱ्यावरून ते निघून गेलंय, हे नव्वद टक्के वेळा उत्तर असतं. अर्थात नव्वद हा माझा अंदाज, मोजदाद नव्हे. खडक फुटतो तेव्हा कवच कधी या अर्ध्याला चिकटतं, कधी त्या. कवच गेल्यावर उरतो तो आतला साचा. त्यावर खाचा अधिक खोल आणि ठळक दिसतात, आणि बाहेरच्या बारीक पुटकुळ्या गायब होतात किंवा बोथट होतात. वरून पुसट खाचांचा गुळगुळीत दिसणारा प्राणी आतून चांगला खाचादार निघू शकतो. या फरकापायी एकाच जातीला दोन नावं पडल्याची उदाहरणं आहेत.

म्हणून दोन्ही अर्धी ठेवा. समोरच्या अर्ध्यातला खळगा हा बाहेरच्या पृष्ठाचा ठसा असतो. त्यात लॅटेक्स किंवा सिलिकॉन रबर ओतून काढलेली प्रत कित्येकदा मूळ तुकड्यापेक्षा जास्त सांगते. आणि चिठ्ठीवर लिहा: कवच, आतला साचा, की बाहेरचा ठसा.

## खडकाचं वय माहीत असेल तर किती फरक पडतो?

फार. ट्रायलोबाइट साधारण ५२ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरीस, नाहीसे झाले. वर्णन झालेल्या जाती २०,००० च्या वर आहेत. एवढ्या गर्दीत नुसत्या रूपावरून शोधणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. थर कळला की यादी मूठभर नावांवर येते.

उदाहरणच घ्या. कार्बॉनिफेरस किंवा पर्मियन चुनखडकात ट्रायलोबाइट मिळाला तर तो प्रोएटिडा या एकाच गणातला, कारण डेव्होनियननंतर बाकीचा कुठलाच गण शिल्लक नव्हता. त्या खडकातल्या तुकड्याला कुणी फेकॉप्स म्हणत असेल तर एकतर नाव चुकलं, नाहीतर थर. याउलट डोक्याच्या काठाभोवती बारीक खळग्यांची रुंद झालर आणि डोळे नाहीत, असा तुकडा आला की ऑर्डोव्हिशियनच्या आसपास पाहायचं, ट्रायन्युक्लिडांकडे. झालर घोड्याच्या नालेसारखी मागेपर्यंत आली आणि डोळे लहान गाठींसारखे असले तर मात्र तो हार्पेस किंवा त्याचा भाऊबंद.

## हे डोकं आणि ही शेपूट एकाच जातीची, हे कसं ठरवायचं?

हा या सगळ्यातला सर्वांत अवघड प्रश्न. अनुभवी मंडळीही इथे घसरली आहेत. सुट्या तुकड्यांवरून जुळवलेल्या कितीतरी जोड्या पुढे मोडाव्या लागल्या.

मी चार गोष्टी पाहतो. दोन्ही एकाच थरातले आहेत का, म्हणजे एकाच खाणीतले नव्हे, एकाच हातभर जाडीच्या थरातले? पृष्ठावरचं नक्षीकाम सारखं आहे का, त्याच आकाराच्या पुटकुळ्या, तशाच रेघा? मापं एकमेकांना शोभतात का? आणि संख्येचं गणित: थरात एका प्रकारची डोकी भरपूर आणि एका प्रकारच्या शेपट्या भरपूर असतील तर त्या एकमेकांच्या असण्याची शक्यता वाढते. हीच जोडी दुसऱ्या ठिकाणीही एकत्र सापडली तर आणखी वाढते. डोकं आणि शेपूट एकाच अंगाला जोडलेली असा एकच नमुना मात्र या सगळ्या तर्कांना भारी पडतो.

प्रवाहाने वर्गवारी केलेल्या थरात संख्येचं गणित लंगडं पडतं, हे मघाशी म्हटलंच.

## तुकडा अगदी लहान आहे. म्हणजे जात लहान?

कदाचित पिल्लू. ट्रायलोबाइट अंड्यातून निघाल्यावर मिलिमीटरभरही नसायचा, आणि कात टाकत टाकत त्याच्या धडात एकेक वलय वाढत जायचं. नवी वलयं शेपटीत तयार होऊन पुढे सुटत, त्यामुळे पिल्लाच्या शेपटीत असे भाग असतात जे पुढे धडात जाणार असतात. काटे, ग्लॅबेलाचा आकार, डोळ्याची जागा, सगळं वाढीबरोबर बदलतं. पुराजीवशास्त्रज्ञ योआकिम बारांद यांनी १८५२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) साओ हिर्सुटा या जातीच्या वाढीची मालिका लावून दाखवली, तेव्हा कळलं की तिच्या निरनिराळ्या अवस्थांना आधी निरनिराळी नावं दिली गेली होती.

## अ‍ॅसिडमध्ये टाकून खडक विरघळवला तर तुकडा मोकळा होईल ना?

कवच कॅल्साइटचं, खडकही कॅल्साइटचा. अ‍ॅसिडला दोघांत फरक कळत नाही.

मला हे माहीत होतं, आणि तरीही मी केलं. एका छान क्रॅनिडियमच्या कडेला चिकटलेला खडकाचा कण निघत नव्हता, म्हणून सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा एक थेंब ब्रशने लावला. 'फक्त दहा सेकंद.' फेस आला, गेला, कण तसाच राहिला आणि त्याच्या शेजारच्या पुटकुळ्या पुसून गेल्या. तो नमुना अजून ठेवलाय, इतरांना दाखवायला.

अपवाद एकच, पण जबरदस्त. काही ठिकाणी कवचाच्या जागी सिलिका येऊन बसलेली असते. असा चुनखडक सौम्य अ‍ॅसिडमध्ये विरघळवला की तळाशी कवचांचे सुटे भाग राहतात, काट्याकुट्यांसकट, आत-बाहेर सगळीकडून पाहता येण्याजोगे. व्हर्जिनियातल्या ऑर्डोव्हिशियन चुनखडकातून व्हिटिंग्टन आणि इविट यांनी असेच अगदी पिल्लांपर्यंतचे नमुने मिळवून १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. तुमच्या खडकात सिलिका आहे का, हे पाहायला हवेत झिजलेला पृष्ठभाग तपासा: तिथे जीवाश्म आपोआप उठून आलेले आणि पोलादी सुईने ओरखडा न पडणारे असतील तर आशा आहे. तरीही आधी रद्दी तुकडा टाकून पाहा.

## मग साफ कसं करायचं?

सुई, भिंग आणि धीर. कवच आणि खडक यांच्यामधली फट शोधून खडक कवचापासून दूर उडेल अशा दिशेने टोचा, कवचाच्या दिशेने कधीच नाही. हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी मिळाली तर काम वेगाने होतं. खाण्याच्या सोड्याची भुकटी हवेच्या झोताने मारणंही चालतं, पण कवच मऊ असेल तर नक्षी घासली जाते. धुळीपासून नाक आणि उडणाऱ्या कणांपासून डोळे सांभाळा. सुटलेला कण त्याच क्षणी चिकटवा. 'नंतर' तो मिळत नाही.

## फोटोत काहीच दिसत नाही. काय चुकतं?

उजेड. समोरून फ्लॅश मारला की सगळे उंचवटे सपाट होतात. दिवा डावीकडे वरच्या कोपऱ्यातून, तिरपा आणि खाली ठेवा. शास्त्रीय चित्रांत प्रथा तीच आहे, त्यामुळे बघणाऱ्याला खळगा की उंचवटा असा भ्रम होत नाही. शेजारी मोजपट्टी ठेवा. एक फोटो वरून, एक बाजूने, एक पुढून. फुगीर तुकड्याचा एकच फोटो म्हणजे अर्धी माहिती.

छापील फोटोंतले नमुने पांढरे दिसतात ते अमोनियम क्लोराइडच्या धुराचा पातळ लेप दिल्यामुळे. रंगांचे डाग झाकले जातात आणि नुसता आकार उरतो. धूर छातीत जाणार नाही अशा जागीच ते करावं, आणि लेप नंतर पुरता काढून टाकावा, कारण तो ओल धरतो आणि कॅल्साइटला बाधतो.

## फोनवरचं अ‍ॅप सांगेल का?

अख्ख्या, प्रसिद्ध जातीसाठी कधी बरोबर सांगतं. गालाच्या तुकड्यासाठी नाही.

## खडक कापून पाहिला तर?

जिथे जीवाश्म सुटे होतच नाहीत तिथे हाच उपाय. घासून पारदर्शक केलेल्या कापात ट्रायलोबाइटचा छेद पातळ, वळणदार आणि काठाशी आकड्यासारखा मुडपलेला दिसतो. जाणकार त्याला धनगराच्या काठीचा आकडा म्हणतात. तो आकडा म्हणजे आपली मघाचीच दुमड, डब्लूर, आडवी कापलेली. ध्रुवित प्रकाशात काप फिरवला की काळी सावली कवचाच्या लांबीवरून सरकत जाते, कारण त्यातले बारीक स्फटिक पृष्ठाशी काटकोनात उभे असतात आणि कवच वळतं तसे तेही वळतात. एवढ्यावर 'ट्रायलोबाइट' म्हणता येतं, त्याची जात सांगता येत नाही.

कापांनी इतिहासही घडवला आहे. चार्ल्स वॉलकॉट यांनी १८७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका खाणीतले चुनखडकातले ट्रायलोबाइट कापून घासले आणि त्या छेदांत पाय दाखवले. ट्रायलोबाइटला पाय होते की नाही, यावर तोवर वाद चालू होता.

## नाव कुठवर द्यायचं?

तुकडा परवानगी देईल तिथवर. जातीचं नाव लावण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण गुळगुळीत शेपटीच्या कोपऱ्याला दिलेलं पूर्ण नाव मला नेहमी संशयास्पद वाटतं. 'असॅफिडी कुळ, पायजिडियम' हे प्रामाणिक उत्तर आहे. वंश पटला पण जात नाही, तर वंशाच्या नावापुढे 'एसपी.'. एखाद्या जातीशी तुलना करण्यासारखा आहे पण खात्री नाही, तर 'सीएफ.'. तिच्या जवळचा आहे पण वेगळा वाटतो, तर 'एएफएफ.'. काहीच नाही, तर 'इंडेट.'. या संक्षेपांत कमीपणा नाही. नंतर येणाऱ्याला तुमची खात्री नेमकी किती होती, ते त्यातून कळतं.

## चिठ्ठीवर काय लिहू?

ठिकाण, थर, थरातली उंची, तारीख, आणि खडक जागेवरचा होता की घसरून आलेला. घसरलेल्या दगडाला थराचं नाव अंदाजाने देऊ नका. जमीन कुणाची आणि परवानगी कुणाची हेही टिपून ठेवा. संरक्षित जागेतला तुकडा उचलायचाच नाही.

## न ओळखलेल्या तुकड्यांचं काय करू?

फेकू नका. माझ्याकडे एक स्वल्पविरामासारखा तुकडा नऊ वर्षं 'इंडेट.' चिठ्ठीखाली पडून होता. मग त्याच थरातला एक ओंजळभर दगड फुटला, आणि त्यात तसाच स्वल्पविराम, पण या वेळी कड, डोळा आणि काटा यांच्यासकट. गालाचा मागचा कोपरा होता तो. चिठ्ठी बदलली. डब्यात अजून एकतीस आहेत.